त्याला कळत होते का? रामन राघव आणि कलम ८४

साठच्या दशकात मुंबईत रस्त्यांवर आणि झोपड्यांत झोपलेल्यांचे खून करणाऱ्या रामन राघव या माणसाच्या मनाविषयी सरकारी कागदपत्रांत दोन निर्वाळे सापडतात. पहिला मुंबईच्या पोलीस सर्जनचा, म्हणजे पोलिसांसाठी वैद्यकीय तपासणी करणाऱ्या सरकारी डॉक्टरांचा. त्यांनी २८ जून ते २३ जुलै १९६९ या काळात आरोपीला निरीक्षणाखाली ठेवले आणि न्यायालयाला कळवले की, त्याला कोणतीही तीव्र मनोविकृती नाही, तो मतिमंद नाही, त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे, बुद्धी सर्वसाधारण आहे आणि आपल्या कृत्यांचे स्वरूप व हेतू त्याला उमगतात. दुसरा निर्वाळा तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाचा. फाशी कायम करण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने हे मंडळ नेमायला लावले होते, आणि आरोपीला पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास भेटून ते अशा निष्कर्षाला आले की, हा माणूस दीर्घकाळच्या, बऱ्या न होणाऱ्या पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाने, म्हणजे छळाच्या भ्रमांनी भरलेल्या तीव्र मनोविकाराने, ग्रासलेला आहे. पहिल्या निर्वाळ्यावर खटला पुढे चालला आणि फाशीची शिक्षा झाली. दुसऱ्यामुळे ती फाशी टळली. मधल्या काळात माणूस बदललेला नव्हता. मग बदलले काय, हा प्रश्न मला त्याच्या गुन्ह्यांच्या तपशिलांपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचे माझे उत्तर असे की, आपला फौजदारी कायदा, म्हणजे भारतीय दंड संहितेचे वेडेपणाच्या बचावाविषयीचे कलम ८४, मनोरुग्णाला जो प्रश्न विचारतो तो प्रश्नच अपुरा आहे, आणि अपुऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे शोधणारा डॉक्टरही चुकीच्या ठिकाणी पोहोचतो.

गुन्ह्यांचा वृत्तांत मुंबईकरांच्या जुन्या पिढीला तोंडपाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६५-६६ मध्ये जुन्या जीआयपी रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) मार्गालगत पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले आणि त्यांतले नऊ जण मरण पावले. त्या वेळी संशयावरून पकडलेल्यांत रामन राघव होता, आणि त्याची पोलिसांकडे आधीपासून नोंदही होती. पण हल्लेखोराला पाहिलेला आणि वाचलेला साक्षीदार नव्हता, पुरावा उभा राहिला नाही आणि त्याला शहरातून तडीपार करण्यावर प्रकरण थांबले. १९६८ च्या पावसाळ्यात उत्तरेकडच्या उपनगरांत हल्ले पुन्हा सुरू झाले. पद्धत तीच होती: रात्रीची वेळ, झोपलेला माणूस, डोक्यात जड बोथट हत्याराचा घाव. ज्यांना निजायला चार भिंती नव्हत्या तेच मेले, आणि शहराच्या स्मरणात मारणाऱ्याचे नाव राहिले, मेलेल्यांपैकी एकाचेही नाही. तपासाची सूत्रे गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आली. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी जुन्या छायाचित्रावरून ओळखून त्याला डोंगरी भागात अडवले. त्याच्या हातातली छत्री ओली होती, आणि त्या भागात तर पाऊस नव्हता. अंगावर चष्मा, दोन फण्या, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद मिळाले.

त्याच्या पूर्वायुष्याविषयी विश्वासाने सांगता येईल असे फार थोडे आहे. तो दक्षिणेकडचा, तिरुनेलवेली भागातला. शिक्षण जवळपास नाही. लहानपणापासून चोरीची सवय. दरोड्याच्या गुन्ह्यात भोगलेला तुरुंगवास. सिंधी दलवाई, तलवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी अशी अनेक नावे. आणि १९६८ मध्ये पुण्याहून परतल्यावर उपनगरांबाहेरच्या रानांत राहणे. बालपणाची खात्रीची माहिती तपासणाऱ्या डॉक्टरांनाही मिळू शकली नव्हती. त्या रिकाम्या जागेत नंतर अनेकांनी आपापल्या कल्पनेने कथा भरल्या. मला त्या भरायच्या नाहीत. ज्याच्या मनाचा निवाडा करायचा, त्याचा भूतकाळ सांगणारा एकही माणूस न्यायालयासमोर नसणे ही गोष्ट निवाड्याच्या दृष्टीने पुरेशी बोलकी आहे. बचावाच्या वकिलाला आरोपीचा वेडसरपणा घटनेच्या आधीपासूनचा होता हे दाखवायचे असते, आणि त्यासाठी आई, भाऊ, शेजारी, गावचा डॉक्टर, जुना केसपेपर लागतो. पदपथावरच्या माणसाकडे यांपैकी काहीच नसते.

पोलीस कोठडीतली त्याची गोष्ट सर्वांत जास्त चघळली जाते. तो काही केल्या बोलेना. काय हवे असे विचारल्यावर त्याने कोंबडी मागितली, ती खाल्ल्यावर आणखी मागितली, मग डोक्याचे तेल, फणी आणि आरसा मागितला. तेल लावून, भांग पाडून, आरशात न्याहाळून झाल्यावर तो बोलू लागला आणि लपवलेली पहार व इतर हत्यारे त्याने स्वतः नेऊन दाखवली. सांगणारा हे सांगून डोळा मिचकावतो. म्हणजे बघा, किती बेरकी! मला यात बेरकीपणाचा पुरावा दिसत नाही. तीव्र मनोविकार माणसाची भूक खात नाही, सौदा करण्याची अक्कलही खात नाही. वेडा म्हणजे कपडे फाडत, असंबद्ध बरळत फिरणारा, ही आपली समजूत नाटकांतून आणि चित्रपटांतून आलेली आहे. पॅरानॉइड प्रकारच्या आजारात स्मरणशक्ती, बुद्धी, दिशा आणि काळाचे भान बहुधा टिकून राहते. बिघडतो तो अर्थ लावण्याचा भाग. पोलीस सर्जननी नेमके तेच तपासले जे या आजारात शाबूत असते, आणि ते शाबूत सापडले यात नवल काही नाही. त्यांच्या अहवालात आणखी एक वाक्य होते: प्रमाणपत्र देण्याइतपत तो वेडा नाही. त्या काळी १९१२ चा वेडेपणाविषयीचा कायदा लागू होता आणि असे प्रमाणपत्र माणसाला वेड्यांच्या इस्पितळात दाखल करण्यासाठी लागे. इस्पितळात दाखल करावा की नाही, हा एक प्रश्न झाला. खून करताना त्याच्या मनाची अवस्था काय होती, हा सर्वस्वी निराळा. अहवालात ही दोन्ही मोजमापे एकाच दमात उरकलेली दिसतात.

मंडळाने त्याच्या भ्रमांची जी नोंद केली ती वाचण्यासारखी आहे. त्याच्या मते जगे दोन होती. एक हे, ज्यात तो राहत होता, आणि दुसरे ‘कानून’चे. तो स्वतः त्या कानूनचा प्रतिनिधी होता, ‘शक्ती’ होता. लोक त्याचे लिंग बदलून त्याला बाई करू पाहत होते, पण त्याच्या या अधिकारामुळे ते त्यांना साधत नव्हते. समलिंगी संबंधांची प्रलोभने त्याच्यापुढे मुद्दाम ठेवली जात होती, कारण त्यांना भुलल्यास तो स्त्री होणार होता. आपण ‘एकशे एक टक्के पुरुष’ आहोत हे तो पुन्हा पुन्हा बजावत असे. देशात अकबराचे, इंग्रजांचे आणि काँग्रेसचे अशी तीन सरकारे होती आणि तिन्ही त्याच्या मागे लागलेली होती. मुंबईत आणून त्याच्याकडून चोऱ्या आणि गुन्हे करवून घेतले तेही सरकारनेच.

अशा माणसाला आपण विचारतो: तू केलेस ते कायद्याविरुद्ध आहे, हे तुला ठाऊक होते का? त्याच्या आणि न्यायाधीशांच्या तोंडी शब्द एकच असतो, पण दोघांच्या मनातला कायदा एक नसतो. आरोपी कानूनच्या जगात उभा राहून उत्तर देतो आणि लिहून घेणारा ते भारतीय दंड संहितेच्या रकान्यात उतरवतो. नायर रुग्णालयाच्या ज्या मनोविकारतज्ज्ञाने आर्थर रोड तुरुंगात त्याला भेटून बचावाच्या बाजूने साक्ष दिली, त्याने हेच सांगण्याचा प्रयत्न केला होता की, आपण माणसे मारतो आहोत हे या आरोपीला कळत होते, पण ते चूक किंवा बेकायदा आहे हे समजण्याची त्याची क्षमता नव्हती. सत्र न्यायालयाला ते पटले नाही. आरोपीने गुन्हा कबूलही केला होता, आणि ज्याच्या मनाच्या धडधाकटपणाविषयीच वाद चालू आहे त्याच्या कबुलीला किती मोल द्यावे, याचा विचार त्या वेळी पुरेसा झाला असे मला वाटत नाही.

कलम ८४ चे शब्द १८६० चे आहेत आणि त्यांची प्रेरणा १८४३ ची. लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला गोळी घालून ठार केले. सत्ताधारी टोरी पक्ष आपला छळ करतो आहे अशी त्याची पक्की समजूत होती. ज्यूरीने त्याला वेडेपणाच्या आधारावर निर्दोष ठरवले, त्यावर गदारोळ झाला, राणी व्हिक्टोरियाही नाराज झाली, आणि न्यायाधीशांनी लॉर्ड्स सभागृहाला दिलेल्या उत्तरांतून पुढचे नियम तयार झाले. आपल्या कलमाचा गाभा तोच आहे: कृत्य करतेवेळी मनाच्या विकलतेमुळे कृत्याचे स्वरूप, किंवा ते चूक अथवा बेकायदा असल्याचे जाणण्यास जो असमर्थ असतो, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. सगळा भर ‘जाणण्यावर’ आहे. मराठीत आपण सहज म्हणतो, कळते पण वळत नाही. या कलमाला फक्त कळण्याशी कर्तव्य आहे; वळण्याची बाजू त्याच्या हिशेबात नाही. आवरता न येणाऱ्या ऊर्मीचा बचाव भारतीय न्यायालये मानत नाहीत, आणि त्याची काही कारणे मला पटतातही, कारण आवरले नाही आणि आवरता आले नाही यांतला फरक बाहेरून दाखवणे जवळपास अशक्य आहे. माझा आक्षेप त्याहून मूळचा आहे. कळणे हेही एक साधे, हो किंवा नाही असे उत्तर असलेले काम नाही. विस्तव भाजतो हे माहीत असणे आणि हा विस्तव माझ्याच शेजाऱ्याने मला जाळण्यासाठी पेटवला आहे अशी खात्री असणे, या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखाने नांदू शकतात.

न्यायालयांना हे अगदीच उमगलेले नाही असे नाही. १९४९ मध्ये अशिरुद्दीन अहमद याच्या खटल्यात, स्वप्नातल्या आज्ञेवरून स्वतःच्या मुलाचा बळी देणाऱ्या बापाला कलकत्ता उच्च न्यायालयाने कलमाचा लाभ दिला होता. कृत्य बेकायदा आहे हे माहीत असूनही ते चूक आहे हे त्याला कळू शकत नव्हते, असा तो विचार होता. पण रूढ झाला तो कडक अर्थच, आणि ‘वैद्यकीय वेडेपणा’ वेगळा, ‘कायदेशीर वेडेपणा’ वेगळा हे सूत्र आज प्रत्येक निकालपत्रात भेटते. सूत्र म्हणून ते चूक नाही. मात्र प्रत्यक्षात त्याचा उपयोग डॉक्टरांचे म्हणणे बाजूला ठेवण्यासाठीच अधिक होतो. आरोपीने हत्यार लपवले, रात्रीची वेळ निवडली, पळून गेला, म्हणजे त्याला कळत होते, असा युक्तिवाद मग पुरेसा ठरतो. तीन सरकारे आपल्या मागावर आहेत असे ज्याला वाटते, तो लपणारच. त्याचे लपणे हे आजाराविरुद्धचा पुरावा मानायचे की आजाराचेच लक्षण, हे ठरवायला हत्यार कुठे सापडले याचा पंचनामा पुरत नाही.

यावर सर्वांत जुना आक्षेप आपल्या भाषेनेच जपून ठेवला आहे: वेड पांघरून पेडगावला जाणारे कमी नसतात. ही शंका रास्त आहे. फाशीच्या छायेतला माणूस सोंग करणार नाही तर कोण करेल? पण सोंग ओळखण्याचा मार्ग एखाद्याच डॉक्टरच्या अहवालावर विसंबणे हा नव्हे. सोंग महिनोन्महिने टिकवणे अवघड असते. एकाहून अधिक तज्ज्ञांनी, वेगवेगळ्या वेळी, तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांच्या नोंदींसह पाहिले तर ते बहुधा उघडे पडते. या प्रकरणात तर आरोपीने स्वतः वेडेपणाचे सोंग केल्याचे चिन्हही नाही. तो शिक्षेविरुद्ध अपील करायलाही तयार नव्हता. पुराव्याच्या ओझ्याबाबतही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वेडेपणा सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने आरोपीवर टाकलेली आहे, परंतु १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ते ओझे दिवाणी दाव्यातल्या पक्षकाराइतकेच, म्हणजे संभाव्यतेचे पारडे झुकवण्याइतके आहे, आणि त्या पुराव्याने हेतूविषयी वाजवी शंका निर्माण झाली तरी ती आरोपीच्या पदरात पडली पाहिजे. रामन राघवचा खटला त्यानंतर पाच वर्षांनी चालला.

दुसरा आक्षेप याहून भावनिक आणि म्हणून याहून प्रभावी असतो: असा माणूस सुटला तर? तो सुटत नाही. हे इतके साधे आहे आणि इतक्या कमी लोकांना ठाऊक आहे की, ते सविस्तर सांगणे भाग आहे. वेडेपणाच्या आधारावर आरोपीला निर्दोष ठरवताना, ते कृत्य त्याच्याच हातून घडले की नाही याचा निष्कर्ष न्यायालयाला निकालात लिहावाच लागतो, आणि कृत्य घडले असेल तर त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याची तरतूद आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम ४७० व ४७१ मध्ये होती, १९७३ च्या संहितेत ३३४ व ३३५ मध्ये आली आणि आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७३ व ३७४ या कलमांत आहे. ज्याच्या नावाने हे सारे नियम ओळखले जातात तो मॅक्नॉटन ‘निर्दोष’ सुटला, तो थेट बेथलेम इस्पितळात गेला आणि बावीस वर्षांनी, १८६५ मध्ये, ब्रॉडमूर इस्पितळात बंदिवासातच मेला. ‘दोषी’ ठरलेला रामन राघव १९६८ पासून १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने मरेपर्यंत कोठडीतच होता. समाजाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने या दोन शेवटांत मला काडीचा फरक दिसत नाही.

उलट बाजूनेही एक भाबडेपणा चालतो, त्याचाही समाचार घ्यायला हवा. इतके क्रूर कृत्य करणारा माणूस शहाणा असूच कसा शकेल, असे म्हणत काही सहृदय लोक प्रत्येक मालिका-खुन्याला रुग्ण ठरवून मोकळे होतात. पुण्याला हे सांगण्याची गरज पडू नये. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात राजेंद्र जक्कल आणि त्याच्या साथीदारांनी दहा जणांचे जीव घेतले. ते कलाशिक्षण घेणारे तरुण होते, पहिला बळी त्यांच्याच महाविद्यालयातला मुलगा होता, आणि हेतू पैशाचा होता. त्यांच्या डोक्यात अकबराचे सरकार नव्हते. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघे येरवड्यात फाशी गेले. क्रौर्याच्या मोजमापाने आजार मोजता येत नाही, आणि बळींच्या संख्येनेही नाही. असे मोजू लागलो तर आयुष्यात कुणावर हात न उगारणाऱ्या लाखो स्किझोफ्रेनियाग्रस्तांवर आपण खुन्याचा शिक्का मारतो, हा अन्याय त्यात वर आणखी.

येरवडा म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन इमारती येतात. ‘येरवड्याला पाठवा याला’ असे आपण चोराविषयी म्हणतो आणि वेड्याविषयीही. रामन राघवच्या बाबतीत राज्याला ही दोन येरवडी वेगळी करता आली नाहीत. त्याला दोषी ठरवले ते कायम राहिले, फाशी मात्र १९८७ च्या निकालाने जन्मठेपेवर आली, आणि तो येरवड्याच्या तुरुंगातला कैदी व त्याच वेळी मनोविकाराचा रुग्ण म्हणून राहिला. म्हणजे त्याचा आजार न्यायव्यवस्थेने शेवटी मान्य केला, पण अपराधाच्या दाराने नव्हे, शिक्षेच्या मागल्या दाराने. हाच मार्ग आता रुळला आहे. २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मनोविकार हे फाशी रद्द करण्याचे एक कारण मानले, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, आरोपीची ओळख गुप्त ठेवून, शिक्षेनंतर उद्भवलेल्या तीव्र मनोविकारालाही ते सौम्यतेचे कारण धरले. हे निकाल स्वागतार्ह आहेतच. परंतु आजार फक्त फाशी द्यावी की नाही याच टप्प्यावर पाहायचा ठरवला की, अपराधाचा निवाडा करताना तो पाहण्याची निकड आपोआप ओसरते.

२०२३ मध्ये दंड संहिता बदलण्याची संधी आली होती. ऑगस्टमधल्या पहिल्या मसुद्यात ‘मनाची विकलता’ काढून ‘मानसिक आजार’ असा शब्द घातला गेला. त्याची व्याप्ती फार मोठी होते, नशेच्या आहारी गेलेलाही तीत बसतो, असा आक्षेप आल्यावर डिसेंबरच्या मसुद्यात जुना शब्द परत आला. आक्षेप बरोबर होता. खेद याचा वाटतो की, सगळी चर्चा ‘विकलता’ की ‘आजार’ या नामाभोवती फिरली आणि ‘जाणणे’ या क्रियापदाकडे कोणी वळले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये ते १८६० मध्ये होते तसेच उभे आहे. माझी मागणी फार मोठी नाही. जाणण्याच्या जोडीला, तीव्र भ्रमाच्या प्रभावाखाली कृत्याचा अर्थ समजून घेण्याची क्षमता हरपली होती का, असा प्रश्न कलमात असावा. आणि खुनाच्या आरोपात मनाविषयी शंका उपस्थित होताच एका अधिकाऱ्याऐवजी किमान तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ खटल्याच्या आरंभीच नेमले जावे. जे उच्च न्यायालयाला शिक्षेनंतर करणे आवश्यक वाटले, ते सत्र न्यायालयाने आधी का करू नये?

ते मंडळ तरी नेमले गेले कशामुळे, हेही पाहण्यासारखे आहे. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही; आरोपीने अपील केले नाही तरी कागद वर जातातच. रामन राघव अपील करणार नव्हता. १९६९ च्या त्या न्यायाधीशांनी थोडी दया दाखवून त्याला जन्मठेप दिली असती, तर प्रकरण तिथेच मिटले असते, कोणतेही मंडळ बसले नसते, आणि पोलीस सर्जनचा पंचवीस दिवसांचा अहवाल हाच त्याच्या मनाविषयीचा अखेरचा शब्द राहिला असता. खुनासाठी जन्मठेप भोगणारे आणि अपील करण्याचे भान नसलेले असे किती जण आज कोणत्या बराकीत आपल्या कानूनशी बोलत बसले असतील, ते पाहायला वरून कोणी येत नाही.